पारबता आत्याची जीप

पारबता आत्या फोनवर 'हॅलो' म्हणत नसे. आपण फोन उचलायच्या आधीच तिचं बोलणं सुरू झालेलं असे. आपण धावती गाडी पकडावी तसं मधल्याच एखाद्या वाक्यात चढायचं. त्या दुपारी मी भंडाऱ्याला ऑफिसात डब्याचं झाकण उघडत होतो आणि कानावर आलं, "...म्हून जीप घ्याची आहे. जुनी, मोठी. मागं पान्याची टाकी ओढन अशी. तुले गाड्यातलं समजते ना, बाबू?"

मला गाड्यांतलं समजतं, असा आमच्या घराण्यात एक समज आहे. मी आजवर तीन जुन्या गाड्या घेतल्या आणि तिन्ही वेळा फसलो; एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नाही, असं त्यामागचं तर्कशास्त्र असावं. पहिल्या गाडीचं डावं दार उघडत नसे. दुसरीचं बंद होत नसे. तिसरी मात्र अगदी उत्तम होती, फक्त ती विकली गेली आहे हे तिच्या मालकाला माहीत नव्हतं.

"समजते ना आत्या," मी म्हणालो. डब्यातली पोळी तशीच राहिली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लाखांदूरच्या अलीकडे, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, असलेल्या एका गावात ती राहायची. साठी ओलांडलेली, बारीक अंगाची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिचा नवरा गेला त्याला वीस वर्षं झाली होती. सख्खा भाचा एकटा मी, पण सारं गाव तिला आत्याच म्हणे. पोस्टमनसुद्धा.

तिची एक सवय सांगितली की ती बरीचशी कळते. कोणी तिच्याशी वाद घालायला आलं की ती शांतपणे म्हणायची, "हे धर जरासं." आणि हातात काहीतरी द्यायची. हातात वस्तू आली की माणसाचा अर्धा जोर तिथेच जातो. मी तिच्याशी वाद घालताना आयुष्यात काय काय धरलं आहे! ओलं जाळं, सुपातले तांदूळ, कोणाचं तरी रडकं लेकरू, आणि एकदा जिवंत कोंबडी. एक ग्रामसेवक तिच्याकडे कसलीशी हरकत घेऊन आला होता, तो पाऊण तास दोरीचं एक टोक धरून अंगणात उभा राहिला आणि सही करून गेला.

दुसरी सवय पाण्याची. कुठलंही पाणी दिसलं की ती आधी त्यात हात घालायची. विहिरीवर, शेतातल्या बोडीवर म्हणजे छोट्या तळ्यावर, आमच्या भंडाऱ्याच्या घरी नळाखालच्या बादलीतसुद्धा. हात घालून क्षणभर थांबायची, मग मान हलवायची. काय कळायचं कोण जाणे. माझी बायको म्हणते, डॉक्टर नाडी बघतात तसं.

गावात एक मोठा तलाव. तो आत्याने आणि गावातल्या दहा बायकांनी मिळून मासोळीसाठी घेतला होता. पावसाळ्यात त्यात बीज सोडायचं. बीज म्हणजे बोटुकली, बोटाएवढी जिवंत पिल्लं. ती दूरच्या केंद्रावरून आणायची, वाढवायची आणि उन्हाळ्याआधी मासे काढायचे. ऐकायला सोपं. पण बोटुकली म्हणजे सिमेंटची पोती नव्हेत. आदल्या वर्षी भाड्याच्या टेम्पोतून आणली. टेम्पोवाल्याने रस्त्यात दोन ठिकाणी निवांत चहा घेतला आणि तलावावर टाकी उघडली तेव्हा वर पांढरी पोटं तरंगत होती. बायकांनी ती मेलेली पिल्लं टोपल्यांनी वाहून बांधीत पुरली. त्या वर्षी तलाव रिकामा राहिला आणि पौषात त्या दहापैकी सात जणी तेलंगणात मिरची तोडायला गेल्या. कोणी लेकरं म्हाताऱ्यांजवळ ठेवून, कोणी शाळेतून काढून सोबत घेऊन. घरांना कुलपं.

"यंदा आपली जीप, आपली टाकी, आपला चहा," आत्या म्हणाली. "ट्रॅक्टर चार घंटे लावते आन हाडं खिळखिळी करते. जीपनं दोन घंट्यात येते. मंग अड्याळच्या बाजारात मासोळी नेऊ तं तेच कामी येईन."

मोठ्या आकाराची कुठलीही गाडी तिच्या लेखी जीप होती. एसयूव्ही हा शब्द मी तिला दोनदा सांगून पाहिला. दुसऱ्यांदा तिने माझ्या हातात सूप दिलं.

मग मी अभ्यासाला लागलो. दहा दिवस ऑफिसात आणि घरी मोबाइलवर गोऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. ती मंडळी मोठाल्या गाड्यांमागे नावा, घोडे आणि चक्क घरं जोडून डोंगर चढत होती. मी वहीच्या पानावर तक्ता आखला. पेट्रोल, डिझेल, चेसिस, गिअर, किती किलोमीटर फिरलेली. 'टॉर्क' या रकान्याला लाल शाई. रविवारी तो तक्ता घेऊन गावी गेलो आणि अंगणातल्या बाजेवर बसून व्याख्यान दिलं.

"हॉर्सपॉवर म्हणजे गाडी किती जोरात पळते, आणि टॉर्क म्हणजे ती किती ओढते. दोन्ही वेगळं आहे, आत्या."

"म्हंजे एक जावाई आन एक बैल," आत्या म्हणाली.

बाजूला रंजना बसली होती. ती बायकांच्या गटातली सगळ्यात तरुण. नवरा आजारी, पदरात दोन मुली, गावात ट्रॅक्टर चालवणारी एकुलती एक बाई. जीभ मात्र ट्रॅक्टरहून जोरात चालायची. ती म्हणाली, "सायेब, मंग तुमी कोन्ता जावाई आनला?"

मी पेट्रोलची बाजू घेतली होती. कारण उघड होतं. पेट्रोलचं इंजिन मऊ, आवाज नाही, थरथर नाही. आत जिवंत पिल्लं आहेत. डिझेलच्या खडखडाटाने ती बिचारी अर्ध्यात दगावतील. शिवाय जुन्या मोठ्या पेट्रोल गाड्या फार पितात म्हणून कोणी घेत नाही, त्यामुळे चांगल्या स्थितीत मिळतात. मी हे सगळं पोटतिडकीने सांगितलं. आत्याने पूर्ण ऐकून घेतलं. मघाशी सांगितलेली कोंबडी मी धरली ती तेव्हाच.

"बरं," ती म्हणाली. "आनाले सांग. पारीवर पाहू."

पार म्हणजे तलावाचा मातीचा उंच बांध. तिथे पाहू म्हणजे काय पाहू, हे मला कळलं नाही, आणि हायवेवरच्या जुन्या गाड्यांच्या डीलरलाही नाही. पण त्याच्याकडे दोन मोठ्या गाड्या कित्येक महिने धूळ खात उभ्या होत्या, म्हणून एका पोऱ्याला सोबत घेऊन तो त्या दोन्ही घेऊन आला. काळा चष्मा, पांढरे बूट. मागून त्याचा मेकॅनिक तिसऱ्या एका गाडीत.

पारीच्या पायथ्याशी बायका जमल्या होत्या. दोन चाकांची जुनी ट्रॉली, तिच्यावर प्लास्टिकची टाकी, टाकीत काठोकाठ पाणी. आणि त्या टाकीच्या सपाट झाकणावर मधोमध आत्याचा पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, लग्नात भंडाऱ्याहून आलेला, तोही तोंडापर्यंत भरलेला.

"गाडी ट्रॉली घेऊन पारीवर चढन," आत्याने डीलरला समजावलं. "अर्ध्यात थांबन. मंग तिथून निंघन. असं तीनदा. गुंडात जेवढं पानी राहीन, तेवढी गाडी चांगली."

डीलर माझ्याकडे पाहू लागला. मी तक्त्याकडे पाहू लागलो.

"मॅडम, गाडीचे पेपर पाहा, टायर पाहा..."

"हे धरा जरासं," आत्या म्हणाली आणि त्याच्या हातात पाण्याची बादली दिली.

पहिली माझी पेट्रोलवाली. पांढरीशुभ्र, आतून नव्या नवरीसारखी. इंजिन इतकं मुकं, की ते सुरू आहे हे न कळून रंजनाने पुन्हा किल्ली फिरवली. सपाटीवर ती लोण्यासारखी निघाली. मी बायकांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण चढावर अर्ध्यात थांबवून निघताना ती अडली. रंजनाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन किंचाळलं, क्लचचा जळका वास आला आणि मग गाडी एकदम हिसका देऊन सुटली. तिसऱ्या वेळी गुंड निम्मा झाला होता.

"लाजून राहिली, सायेब, तुमची," रंजना खिडकीतून म्हणाली. "पहिल्यांदाच सासरी आली ना."

दुसरी डिझेल, नव्यातली, टर्बोवाली. हिच्या टॉर्कचा आकडा माझ्या तक्त्यात सगळ्यात मोठा होता. पण या इंजिनाचा स्वभाव असा, की ते आधी विचार करतं. आपण दाबतो, ते विचार करतं, आपण अजून दाबतो, आणि मग त्याला एकदम सगळं पटतं. दुसऱ्याच वेळी गुंड उलटला, झाकणावरून खाली पडला आणि ठणठणत पारीवरून तलावाच्या दिशेने निघाला. सगळ्यात आधी धावला तो डीलर. पांढऱ्या बुटांसकट घोट्यापर्यंत चिखलात उतरून त्याने गुंड अडवला. आत्याचं त्याच्याबद्दलचं मत तिथे बदललं असावं.

"आता ते," आत्या म्हणाली.

तिने मेकॅनिकच्या गाडीकडे बोट केलं होतं. लांबलचक, जुनाट, रंग कधीकाळी हिरवा असावा. बॉनेटचा एक कोपरा तारेने बांधलेला.

"ती विकायची नाही मॅडम. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला ठेवलीय आम्ही."

"मले बी ओढाचीच आहे."

ती जुन्या पद्धतीचं मोठं डिझेल इंजिन असलेली गाडी होती, टर्बो नाही, काही नाही. सुरू झाली तेव्हा झाडावरचे बगळे उडाले. रंजनाने तिला अर्ध्या चढावर थांबवलं, पहिला गिअर टाकला, आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर न ठेवता नुसता क्लच सोडला. गाडी चालू लागली. म्हैस पाण्यातून उठून चालू लागते तशी. घाई नाही, धक्का नाही, मागच्या ट्रॉलीला जणू कळलंच नाही की आपण निघालो. तीनदा थांबली, तीनदा निघाली. आत्याने गुंडात बोट घालून पाहिलं. एक पेर पाणी कमी झालं होतं.

मला शेवटची संधी होती. "पण आत्या, ही उभी असतानासुद्धा थरथरते. बघ ना!" गुंडातल्या पाण्यावर खरंच काठापासून मध्यापर्यंत बारीक वर्तुळं धावत होती. "पिल्लं घाबरतील."

आत्याने टाकीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "बाबू, उभ्या पान्यात पिल्लू मरते. पानी हाललं पायजे, पन धसकलं नाही पायजे."

दहा दिवसांच्या माझ्या अभ्यासात हे एक वाक्य नव्हतं. मी तक्ता घडी करून खिशात ठेवला.

सौदा कसा झाला, मला माहीत नाही. आत्याने डीलरचे बूट काढायला लावून तलावाच्या पाण्यात स्वतः घासून धुतले होते, आणि ती दोघं बोलत होती तेव्हा ते वाळेपर्यंत उन्हाकडे धरून मी उभा होतो. एवढं खरं, की तो जाताना तिच्या पाया पडला.

पहिल्या खेपेला गाडी मी चालवली. रंजनाचा परवाना ट्रॅक्टरचा. जीपचा यायला अजून वेळ होता, म्हणून माझ्यावर पाळी आली. पहाटे निघालो, पण केंद्रावर नंबर लागून टाकी भरेपर्यंत दुपार झाली. टाकीत आता नुसतं पाणी नव्हतं, सबंध काळी चमचम होती. आत्या मागच्या सीटवर उलटी बसली, मागच्या काचेतून टाकीकडे तोंड करून. रंजना माझ्या शेजारी. अर्ध्याहून जास्त रस्ता छान झाला. मग एका नाल्याच्या पुलाजवळ कोंड्याने भरलेला ट्रक आडवा झालेला. पुढे एक एसटी, तिच्यापुढे गाड्यांची रांग. मी गाडी थांबवली आणि शहाण्या माणसासारखं इंजिन बंद केलं.

"काहून बंद केला गा?" मागून आवाज आला.

"उभेच आहोत ना आत्या. उगाच डिझेल..."

"तू उभा आहेस. ते कायले उभे राहतीन?"

मी घाईने किल्ली फिरवली. जीप थरथरू लागली, मागे टाकी थरथरू लागली. पण पावसानंतरचं कडक ऊन होतं आणि ट्रक काही हलेना. अर्धा तास झाला. आत्या उतरली, टाकीचं झाकण काढलं, आणि मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. पिल्लं वर आली होती. शेकडो बारीक तोंडं हवेसाठी पाण्याच्या वर येऊन उघडझाप करत होती.

आत्याने हात पाण्यात घातला. पण या वेळी मान हलवली नाही. रंजना पुढे ट्रकपाशी गेली होती, तरी आत्या आवाज खाली आणून म्हणाली, "यंदा मेले तं रंजना बी जाईन मिरचीले. मांगच्या साली राहिली, आता नाही राहत. पोरीईले कोन पाहीन, बाबू?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. ती सरळ एसटीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "कोनाचे हात रिकामे आहेत, बापा?"

एसटीत बसून कंटाळलेली माणसं. आधी कंडक्टर उतरला, काय भानगड आहे ते बघायला. त्याच्या हातात लोटा गेला. मग एक शाळामास्तर, मग लाखांदूरला बँकेत निघालेले फेटेवाले आजोबा, मग माहेरी चाललेली नुकतं लग्न झालेली एक मुलगी, हातात हिरवा चुडा. पद्धत अशी: लोट्याने पाणी घ्यायचं, हात उंच करायचा आणि पुन्हा टाकीतच सोडायचं. उंचावरून पडणाऱ्या पाण्यात हवा जाते. दमलं की लोटा पुढच्याकडे.

"चला, पुढच्यांनी या! मागचे दमले!" कंडक्टर सवयीने ओरडत होता.

"मास्तर, उंच! फळ्यावर लिवता तसा हात उंच करा!" रंजना.

"अवो बाई, फळा एवढा उंच नसते!"

"आजोबा, तुमी बसा आता."

"काहून? बँकेत बी उभाच राह्याचा आहो मी."

मी ड्रायव्हरच्या जागी बसून इंजिन चालू ठेवण्याची महत्त्वाची कामगिरी बजावत होतो. आरशात सगळं दिसत होतं. उन्हात उंच गेलेले अनोळखी हात, त्यांतून पडणारं पाणी, आणि या सगळ्यांत टाकीच्या काठाला धरून उभी असलेली आत्या. ती कोणाकडेच बघत नव्हती. फक्त पाण्याकडे.

दीड तासाने ट्रक हलला. निघताना आत्याने एसटीच्या खिडक्यांकडे पाहून सगळ्यांना आवतण दिलं, "फागुनात या. मासोळीचा रस्सा खाले."

फाल्गुनात आत्या नव्हती. माघात एका सकाळी ती उठलीच नाही. तलावातून जाळं भरून आलं, त्या बायकांपैकी एकही मिरचीला गेली नव्हती, आणि ठरल्याप्रमाणे खरोखरच एक दिवस तो कंडक्टर स्टीलचा डबा घेऊन गावात उतरला. टाकीवाल्या मावशी कुठं राहतात, असं विचारत. रंजनाने त्याला आत्याच्या अंगणात पाट मांडून जेवू घातलं. काय सांगितलं, कसं सांगितलं, मी विचारलं नाही.

मला दिसते ती त्या खेपेच्या संध्याकाळची आत्या. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. कार्यालय, रजा, मुलांच्या परीक्षा, असली माझी नेहमीची कारणं.

तलावावर पोचल्यावर मला वाटलं, आता धावपळ होईल. पण आत्याने पिल्लं लगेच सोडू दिली नाहीत. तलावाचं पाणी थोडं थोडं आणून टाकीत घालायला लावलं. मग थांबली. पुन्हा थोडं. मग पुन्हा थांबली.

"एवढी घाई केली, आत्या, आता कशाची वाट पाहतेस?"

"दोन्ही पानी एक होऊ दे. एकदम परक्या पान्यात टाकलं तं लेकरू भेते."

शेवटी ती कमरेइतक्या पाण्यात उतरली. बायका बादल्या भरून तिच्याकडे देत होत्या. ती बादली ओतत नव्हती. पाण्यात आडवी धरायची आणि नुसती थांबायची. आतली पिल्लं काठाशी येऊन जरा घुटमळायची, मग एक निघायचं, आणि त्याच्यामागून सगळी. एकेका बादलीला इतका वेळ. मला भंडाऱ्याची शेवटची एसटी गाठायची होती. मी पारीवरून ओरडून सांगितलं, "निघतो ग!" तिने मान हलवली, पण वळली नाही.

रस्त्यावर पोचून मागे पाहिलं. बादल्या संपल्या होत्या. बायका काठावर चहा घेऊन बसल्या होत्या. आत्या मात्र अजून पाण्यात होती, एकटी, हात बाजूला तरंगत ठेवून, जराही न हलता.

"आत्या, या ना बाहेर! चहा थंडा होऊन राहिला!" रंजनाची हाक माझ्यापर्यंत आली.

पाण्यावरून आवाज लांब जातो. म्हणून आत्याचं हळू बोलणंही मला ऐकू आलं.

"थांब वो. पायापाशी आहेत अजून. जाऊ दे त्यायले."